ऑटोमॅटिक गाडीसाठी आफ्टरमार्केट टॉर्क कन्व्हर्टर कसा निवडायचा (पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी)

ऑटोमॅटिक गाडी फास्ट करायला घेतली की इनटेक, एक्झॉस्ट, कॅमशाफ्ट (कॅम) झाल्यावर कुणीतरी सांगतंच की आता स्टॉल टाक, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये क्लचऐवजी जो तेलावर चालणारा टॉर्क कन्व्हर्टर असतो तो बदलून जास्त आरपीएमचा टाक, आणि मग नवीन माणूस विचारतो २८०० आरपीएमचा घेऊ का ३२०० का सरळ ३६००, आणि दहा जण दहा आकडे सांगतात. माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी खाली वेगवेगळ्या बाजूंनी सांगणार आहे, की हा आकडा कन्व्हर्टरचा नसतोच, तो कन्व्हर्टर आणि तुमची गाडी या जोडीचा असतो. तोच कन्व्हर्टर एका गाडीत २८०० ला स्टॉल होतो आणि दुसऱ्या गाडीत ३४०० ला. त्यामुळे आकडा बघून खरेदी करणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा शिवून घेणं.

मी न्यू जर्सीत राहतो, इथे आपली बरीच मराठी मुलं आता जुन्या कमॅरो, मस्टँग, चॅलेंजर घेऊन हात काळे करायला लागलीयेत, मुख्यतः त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरण म्हणून सगळीकडे एकच गाडी धरतो म्हणजे आकडे डोक्यात राहतील, २००२ ची कमॅरो एसएस, एलएस१ इंजिन, ३२५ हॉर्सपॉवर, ३५० पाउंड-फूट टॉर्क, ४एल६०ई गिअरबॉक्स, मागच्या एक्सलला ३.२३ चा गिअर रेशो आणि २७५/४० आर १७ टायर म्हणजे साधारण २५.७ इंच व्यास. तुमची गाडी वेगळी असेल तर आकडे बदलून तेच गणित करा.

आधी हे बघा की तुमच्या गाडीत कन्व्हर्टर आहे का

हसू नका, भारतातून विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या गाडीत तो नसतोच. स्विफ्ट किंवा नेक्सॉनची एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच मशीन दाबतं. डीएसजीत दोन क्लच असतात. व्हर्चुस किंवा स्लावियाची १.० टीएसआय ऑटोमॅटिक घेतलीत तर टॉर्क कन्व्हर्टर मिळतो, आणि तीच गाडी १.५ टीएसआयमध्ये घेतलीत तर सात स्पीडचा डीएसजी. नुसतं ऑटोमॅटिक आहे एवढ्यावर जाऊ नका. आणि खरं सांगायचं तर हाय स्टॉलचा हा सगळा विषय अमेरिकन व्ही८ गाड्या आणि ड्रॅग रेसिंगमधला (उभ्या गाडीतून सुटून सरळ रेषेत शर्यत) आहे, भारतातल्या रोजच्या गाडीला त्याचा फारसा उपयोग नाही.

आत काय चालतं, थोडक्यात

इंजिनला जोडलेलं कव्हर फिरतं, त्याच्यासोबत पंप म्हणजे इम्पेलर फिरतो, तो तेल बाहेरच्या बाजूने टर्बाईनवर फेकतो, टर्बाईन गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर बसलेली असते. परत येणारं तेल उलट्या दिशेने पंपावर आदळू नये म्हणून मध्ये स्टेटर असतो, तो एका वन-वे क्लचवर बसलेला असतो, म्हणजे एका दिशेला लॉक आणि दुसऱ्या दिशेला मोकळा. या स्टेटरमुळेच टॉर्क वाढतो. गाडी उभी असताना इंजिनच्या टॉर्कच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त टॉर्क गिअरबॉक्सला मिळू शकतो, आणि गाडी वेग घेत गेली की हा गुणाकार कमी होत होत एकावर येतो. हेरमान फोटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे जहाजांसाठी काढलं, तेव्हा गाड्या डोक्यातही नव्हत्या.

स्टॉल म्हणजे टर्बाईन जागच्या जागी धरून ठेवली आणि इंजिन पूर्ण जोर लावतंय, अशा वेळी इंजिन जास्तीत जास्त ज्या आरपीएमला जाऊन अडकतं तो आकडा. फॅक्टरीचा कन्व्हर्टर लवकर अडकतो, दोन हजारांच्या आत-बाहेर, कारण कंपनीला मायलेज आणि शांतपणा हवा असतो. पण एलएस१ चा टॉर्क पीक ४००० च्या आसपास आहे, म्हणजे सिग्नल सुटल्यावर इंजिन त्याच्या झोपेच्या भागातून वर चढत बसतं. स्टॉल वाढवला की इंजिन लगेच उड्या मारून ताकदीच्या भागात जातं. एवढीच सगळी जादू आहे.

आकडा का हलतो, हे गणित एकदा करून बघाच

ढोबळमानाने स्टॉल हा टॉर्कच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. प्रत्येक कन्व्हर्टरचा एक के फॅक्टर असतो, तो म्हणजे स्टॉलचा आरपीएम भागिले टॉर्कचं वर्गमूळ. आपल्या एलएस१ मागे एखादा कन्व्हर्टर ३२०० ला स्टॉल होतो असं धरा. ३५० चं वर्गमूळ १८.७, म्हणजे के साधारण १७१. आता हाच कन्व्हर्टर काढून ४५० पाउंड-फूटच्या मोठ्या इंजिनमागे लावला तर १७१ गुणिले २१.२, झाले ३६०० च्या वर. कन्व्हर्टर तोच, वेल्डिंग तेच, डब्यावर लिहिलेला आकडा तोच.

आता याच गणिताने नवीन लोकांची सगळ्यात मोठी भीती पण जाते. बरेच जण म्हणतात की ३२०० चा स्टॉल टाकला तर ३२०० होईपर्यंत गाडी हलणारच नाही, मग ट्रॅफिकमध्ये काय करायचं. तसं होत नाही. सोसायटीच्या गेटमधून हळू बाहेर पडताना तुम्ही इंजिनकडून जेमतेम १०० पाउंड-फूट मागता, १०० चं वर्गमूळ १०, म्हणजे त्या वेळचा स्टॉल १७०० च्या आसपास, आणि गाडी त्याच्याही आधी सरकायला लागलेली असते. गाडी थोडी सैल वाटते, आवाज आधी आणि वेग मागून असं वाटतं, पण चालते. चांगल्या बनावटीचा ३२०० हा स्वस्त बनावटीच्या २६०० पेक्षा रस्त्यावर घट्ट, म्हणजे कमी घसरणारा, वाटू शकतो, हे चालवून बघितल्याशिवाय लोकांना पटत नाही.

आणखी एक दिशा. नायट्रस (इंजिनला थोडा वेळ जादा ताकद देणारा गॅस) लावायचा असेल तर १५० हॉर्सपॉवरचा शॉट ३५०० आरपीएमला किती टॉर्क घालतो ते बघा, १५० गुणिले ५२५२ भागिले ३५००, आले २२५. म्हणजे एकूण ५७५, वर्गमूळ २४, आणि तोच आपला ३२०० वाला कन्व्हर्टर आता ४१०० ला जाणार. म्हणून नायट्रसवाल्याला मुळात घट्ट कन्व्हर्टर लागतो. टर्बोचं अजून नाजूक आहे, बूस्ट यायच्या आधी टर्बो फिरायला स्टॉल हवा, आणि बूस्ट आल्यावर टॉर्क एकदम दुप्पट होतो तेव्हा तोच कन्व्हर्टर घसरता कामा नये, त्यामुळे तिथे बनवणाऱ्याला टर्बोचा साईज आणि किती पीएसआय बूस्ट चालवणार हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊच नका. उंचीने पण फरक पडतो, पाच-सहा हजार फुटांवर टॉर्क पंधराएक टक्के कमी होतो म्हणजे ३२०० चा स्टॉल २९५० च्या जवळ येतो, डेन्व्हरकडच्या लोकांना हे नीट माहीत असतं.

पायरी पहिली: गाडीची खरी माहिती कागदावर लिहून काढा

चांगला बिल्डर तुम्हाला फोनवर किंवा फॉर्मवर भरपूर प्रश्न विचारतो. जो विचारत नाही आणि थेट पार्ट नंबर देतो त्याच्यापासून मी तरी लांब राहतो. तयार ठेवायच्या गोष्टी म्हणजे इंजिनचा साईज आणि कॉम्प्रेशन, कॅमचं कार्ड जसंच्या तसं, सिलिंडर हेड्स कुठली, शक्य असेल तर डायनोचा (इंजिनची ताकद मोजणाऱ्या मशीनचा) पूर्ण ग्राफ नुसता पीक नाही, गिअरबॉक्सचं मॉडेल आणि वर्ष, मागचा रेशो, टायरचा व्यास टेप लावून मोजलेला, गाडीचं वजन तुम्ही आत बसलेले असताना, कितीला शिफ्ट करता, स्ट्रिपवर म्हणजे ड्रॅग रेसच्या ट्रॅकवर फूटब्रेक (पायाचा ब्रेक) लावता का ट्रान्सब्रेक (गिअरबॉक्स आतून अडवून गाडी धरणारा), आणि रोजची गाडी आहे का रविवारची.

इथे लोक दोन गोष्टी फुगवून सांगतात, टॉर्क आणि स्ट्रिपवर किती जाणार ते. टॉर्क फुगवला की बिल्डर त्या हिशोबाने घट्ट कन्व्हर्टर बांधतो, मग तुमच्या खऱ्या इंजिनला तो अपेक्षेपेक्षा खाली स्टॉल होतो आणि तुम्ही म्हणता कंपनीने फसवलं. स्ट्रिपवर जाणं फुगवलं की रोज ऑफिसला जाताना त्रास. वजन मात्र लोक कमी सांगतात, तेही चुकीचं. कंपनीच्या ब्रोशरमधलं वजन सांगू नका, ट्रक स्केलवर जाऊन खरं वजन करून आणा, थोडेच डॉलर लागतात.

पुढे कॅम बदलायचा असेल तर आधी कॅमचं ठरवा. स्टॉल निवडून मग कॅम निवडणं हा उलटा प्रवास आहे. कॅमच्या कार्डवर आरपीएमची रेंज असते, समजा २२०० ते ६४००, तर फ्लॅश स्टॉल (उभ्या गाडीत एकदम पूर्ण दाबल्यावर येणारा आकडा) त्या खालच्या आकड्याच्या पाचशे ते हजार वर ठेवतात. दुसऱ्या बाजूने तपासायला टॉर्क पीकच्या पाच-सातशे खाली. दोन्ही हिशोब एकमेकांच्या जवळ आले की समजायचं आपण बरोबर गल्लीत आहोत.

पायरी दुसरी: शिफ्ट झाल्यावर इंजिन कुठे पडतं ते बघा

हे फार कमी लोक बघतात आणि माझ्या मते स्टॉल निवडण्याचं हेच सगळ्यात पक्कं कारण आहे. ४एल६०ई चे गिअर ३.०६, १.६३, १.००, ०.७०. पहिला आणि दुसरा यात मोठी दरी आहे. ६००० ला शिफ्ट केलं तर ६००० गुणिले १.६३ भागिले ३.०६, इंजिन ३२०० ला येऊन पडतं, आणि फॅक्टरीचा घट्ट कन्व्हर्टर त्याला तिथेच बसवतो. टॉर्क पीकच्या बऱ्याच खाली. कन्व्हर्टर ३२०० ते ३६०० चा असेल तर तो शिफ्टनंतर इंजिनला वर धरून ठेवतो आणि तोंडघशी पडू देत नाही. म्हणून एलएस१ वाल्या लोकांत हेच आकडे फिरत असतात, उगाच नाही.

याच्याशी जुना टर्बो ४०० गिअरबॉक्स ताडून बघा, २.४८, १.४८, १.००, तिथे ६००० वरून ३६०० ला पडतं. आणि चॅलेंजर स्कॅट पॅकमधला झेडएफचा आठ स्पीड, ४.७१, ३.१४, २.१०, १.६७ असे जवळजवळ गिअर, तिथे पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना ४००० ला पडतं. पहिलाच गिअर एवढा मोठा आणि गिअर इतके जवळ की त्या गाडीला मोठ्या स्टॉलची गरजच कमी. जुन्या पॉवरग्लाईड गिअरबॉक्सला दोनच गिअर म्हणून त्याच्यामागे रेसवाले मोठे स्टॉल लावतात. गिअरबॉक्स न बघता दुसऱ्याच्या गाडीचा आकडा उचलण्यात अर्थ नाही तो यामुळे.

पायरी तिसरी: एसटीआर, म्हणजे सुटताना किती मार

स्टॉल टॉर्क रेशो, बोलीत नुसतं एसटीआर, म्हणजे टर्बाईन थांबलेली असताना इंजिनचा टॉर्क कितीपट होतो तो आकडा. साधारण १.८ ते २.५ च्या मध्ये असतो. आपल्या कमॅरोत पहिला गिअर ३.०६ गुणिले मागचा ३.२३, झाले जवळपास ९.९. एसटीआर २.० असेल तर सुटताना इंजिनचा टॉर्क चाकांपर्यंत जवळपास वीसपट होऊन जातो, २.५ असेल तर पंचवीसपट. ऐकायला भारी वाटतं पण साध्या स्ट्रीट टायरवर ती गाडी फक्त धूर काढेल. टायर पकडत नसेल तर कमी एसटीआर घ्या, गाडी गुळगुळीत सुटते. वर म्हणजे जास्त वेगात घट्टपणा पण बहुतेक वेळा कमी एसटीआरवाल्यात चांगला मिळतो. जड गाडी, लांब म्हणजे २.७३ सारखा मागचा रेशो आणि चांगले ड्रॅग रेडियल (जास्त पकडीचे टायर), असं असेल तर मोठा एसटीआर कामाला येतो. आणि या पिढीच्या कमॅरोचा मागचा टेन बोल्ट एक्सल नाजूक आहे हे सगळ्यांना माहीत आहे, चिकट टायर आणि मोठा एसटीआर एकत्र आले की तो आधी जातो, तेव्हा बजेटमध्ये तेही धरा.

पायरी चौथी: लॉकअप हवा का

रस्त्यावर चालणारी गाडी असेल तर हवा, माझं याच्यावर दुमत नाही. लॉकअप म्हणजे कन्व्हर्टरच्या आतला क्लच कव्हरला चिकटतो आणि घसरण शून्य होते. टर्नपाईकवर (हायवेवर) ७० मैलांनी जाताना ओव्हरड्राईव्हमध्ये आपल्या कमॅरोचं इंजिन लॉक असताना किती फिरतं ते बघा, ७० गुणिले ०.७० गुणिले ३.२३ गुणिले ३३६ भागिले २५.७, म्हणजे २०७० च्या आसपास. हाच आकडा तुमच्या हाय स्टॉलच्या बराच खाली आहे. लॉकअप नसता तर इथे कन्व्हर्टर सतत घसरत राहिला असता आणि तेल तापत राहिलं असतं. हे सूत्र लिहून ठेवा, मैल गुणिले गिअर गुणिले मागचा रेशो गुणिले ३३६ भागिले टायरचा व्यास इंचात, पुढे परत लागणार आहे.

एक डिस्कवाला लॉकअप फक्त क्रूझसाठी असतो, पूर्ण ॲक्सिलरेटर दाबलेला असताना त्याला लॉक करू नका, जळतो. स्ट्रिपवर वरच्या गिअरमध्ये लॉक करायचा असेल तर मल्टी डिस्क घ्यायचा, तो महाग असतो. गिअरबॉक्सला कॉम्प्युटर असेल तर ट्यून, म्हणजे त्याचं सेटिंग बदलणं, लागणारच, लॉकअप कधी लागतो, शिफ्ट कितीला होतो, हे जुन्या कन्व्हर्टरच्या हिशोबाने सेट केलेलं असतं. ट्यूनचे पैसे आधीच बाजूला काढा, कन्व्हर्टरवर सगळं संपवून मग ट्यून पुढच्या वर्षी असं करू नका.

पायरी पाचवी: कूलर, आधी कूलर

हा भाग मी मनापासून सांगतोय कारण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मरतात ते बहुतेक गरमीने. ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर दाबला, गाडी जागची हलत नाही, मग इंजिनची मेहनत जाते कुठे? सगळी तेल तापवण्यात. २५०० आरपीएमला २५० पाउंड-फूट म्हणजे ११९ हॉर्सपॉवर, जवळपास ९० किलोवॉट, आणि ते सगळं कन्व्हर्टरमधल्या थोड्याशा तेलात. म्हणून कुठलीही स्टॉल टेस्ट पाच सेकंदांच्या वर करायची नाही, आणि एक केली की न्यूट्रलमध्ये टाकून इंजिन चालू ठेवून तेल फिरू द्यायचं.

तेल ८० अंश सेल्सिअसच्या आसपास राहिलं तर गिअरबॉक्स खूश असतो, ९५ पर्यंत ठीक, १२० च्या वर गेलं की तेल खराब होऊन पिवळट थर धरायला लागतं आणि सील कडक होतात. स्टॅक्ड प्लेट प्रकारचा मोठा कूलर घ्या, रेडिएटरच्या आतल्या कूलरनंतर त्याला जोडा, आणि टेम्परेचर गेज लावा. गेजशिवाय स्टॉल लावलेली गाडी चालवणं मला पटत नाही, कारण तेल जळाल्याचा वास यायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

पायरी सहावी: कन्व्हर्टर कसा ओळखायचा

साईज लहान तसा स्टॉल वर जातो, पण पंपाच्या पात्यांचा कोन आणि स्टेटर यांनी पण तो हलतो, त्यामुळे नुसता व्यास सांगून काही कळत नाही. फॅक्टरीचे बारा इंचाच्या आसपास, रस्त्यावरचे परफॉर्मन्सवाले साडेनऊ-दहा इंच, रेसवाले आठ-नऊ. विचारायचे प्रश्न असे की पाती फर्नेस ब्रेझ (भट्टीत झाळून पक्की) केलेली आहेत का, आत नीडल बेअरिंग आहेत का साधे वॉशर, कव्हर बिलेट (अखंड धातूतून कोरलेलं) आहे का स्टँप (पत्रा दाबून) केलेलं, अँटी-बलूनिंग प्लेट आहे का. ही शेवटची प्लेट ट्रान्सब्रेक, नायट्रस किंवा जास्त आरपीएमवाल्यांना पाहिजेच, नाहीतर आतल्या दाबाने कन्व्हर्टर फुगतो आणि इंजिनचा क्रँक आणि गिअरबॉक्सचा तेलपंप दोघांना ढकलतो. आणि स्टेटर बदलून स्टॉलचा आकडा बदलून देतात का, किती दिवसांत, फुकट का पैसे घेऊन, हे आधीच विचारा.

यँक, सर्कल डी, एफटीआय, पीटीसी, कोन, ह्यूजेस, टीसीआय अशी बरीच नावं आहेत, कुठलं चांगलं यावर लोक भांडत बसतात. तुमच्या गाडीची माहिती ऐकून घेऊन तुमच्यासाठी बांधून देणारा कुणीही चालेल, दुकानातल्या शेल्फवरचा २५०० ते ३५०० असं लिहिलेला डबा मात्र नको. त्या डब्यावरची रेंज एवढी मोठी का असते ते आता तुम्हाला कळलंच असेल.

जुना वापरलेला कन्व्हर्टर घेऊ नका, आणि ज्याच्या गिअरबॉक्सचा चुरा झालाय त्याच्यातला तर फुकट मिळाला तरी नको. आत अडकलेले धातूचे कण बाहेरून धुऊन निघत नाहीत, कापूनच साफ करावा लागतो.

जुळणी पण तपासा. इनपुट शाफ्टचे स्प्लाईन (दाते), फ्लेक्सप्लेटचे (क्रँक आणि कन्व्हर्टर जोडणाऱ्या चकतीचे) बोल्ट कुठल्या वर्तुळात आहेत, क्रँकच्या मागचा पायलट (कन्व्हर्टर मधोमध बसवणारी खोबण). एलएस इंजिनचा क्रँक जुन्या स्मॉल ब्लॉक शेव्हीपेक्षा साधारण ०.४ इंच आत असतो, म्हणून एलएसमागे टर्बो ४०० लावताना स्पेसर लागतो. रेसिंग करणार असाल तर फ्लेक्सप्लेट एसएफआय २९.१ (रेसिंगच्या सुरक्षेचं मानक) वाली घ्या.

बसवताना

स्वतः बसवा किंवा गॅरेजवाल्याकडून, पण हा भाग डोळ्यासमोर करून घ्या. कन्व्हर्टर उभा करून त्यात साधारण एक लिटर तेल ओतायचं, मग तो तिरका करून शाफ्टवर चढवायचा, थोडं तेल मनगटावरून कोपरापर्यंत येणारच, चिंध्या जवळ ठेवा. गिअरबॉक्सच्या पुढच्या तेलपंपाचं सील नवीन टाका आणि हबवर थोडं तेल लावा. आता दोन्ही हातांनी आत ढकलत ढकलत फिरवायचा. खट्ट आवाज तीन होतात, स्टेटरच्या स्प्लाईनचा, इनपुट शाफ्टचा आणि शेवटी तेलपंपाचा, आणि हा तिसरा सगळ्यात हट्टी असतो. बऱ्याच वेळा दोन खट्ट झाल्यावर वाटतं की बसला, हात लावला तर हलत पण नाही. पण अजून बोटभर बाहेर असतो. बेलहाऊसिंगच्या (गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या भागाच्या) कडेवर पट्टी आडवी ठेवून आतपर्यंत मोजा आणि काढलेल्या जुन्या कन्व्हर्टरच्या मापाशी ताडून बघा.

मग गिअरबॉक्स इंजिनला हातांनी लागला पाहिजे. बोल्ट पिळून ओढून घ्यायचा नाही, कधीच नाही. तिसरा खट्ट न होता बोल्ट पिळले तर पंपाचा गिअर तुटतो, आणि इंजिन चालू केल्याबरोबर नवा कोरा कन्व्हर्टर आणि गिअरबॉक्स दोन्ही परत खाली येतात. सगळं जोडून झालं की कन्व्हर्टर मागे ढकलून बघा, फ्लेक्सप्लेट आणि त्याच्यात दीड ते पावणेपाच मिलिमीटरची फट पाहिजे, तीनच्या आसपास असेल तर उत्तम. फट नसेल तर थांबा, काहीतरी चुकलंय. जास्त असेल तर बनवणाऱ्याने सांगितलेले वॉशर घाला. बोल्ट त्याच्यासोबत आलेलेच वापरा, जरा लांब बोल्ट लागला तर तो कव्हरला आतून फुगवटा आणतो, आणि आत नेमका तिथेच लॉकअप क्लच चिकटत असतो.

चालू केल्यावर, आणि मग मोजायचं

सुरुवातीचे काही शे मैल शांतपणे चालवा, तेल पुन्हा तपासा, रंग बघा, वास घ्या. मग मोजा. दोन मोजमापं वेगळी आहेत हे लक्षात ठेवा. फूटब्रेक स्टॉल म्हणजे ब्रेक दाबून टायर सरकेपर्यंत किती जातं, हा आकडा कमीच येतो कारण ब्रेक आधी हार मानतात, आणि लोक इथेच फोन करून ओरडतात की ३२०० सांगून २४०० दिला. फ्लॅश स्टॉल म्हणजे उभ्या गाडीतून एकदम पूर्ण दाबला की सुई क्षणात कुठे उडते तो, आणि बिल्डर बहुतेक याच्याबद्दल बोलत असतो. लॅपटॉपवर लॉग करून ठेवा, डोळ्यांनी सुई बघून कळत नाही.

पुढचं मोजमाप स्ट्रिपवर. एडिसनकडच्या लोकांना पूर्वी इंग्लिशटाऊनचं रेसवे पार्क जवळ होतं, तिथलं ड्रॅग रेसिंग जानेवारी २०१८ मध्ये बंद झालं, आता ग्रेट मेडोजच्या आयलंड ड्रॅगवेला किंवा पेनसिल्व्हेनियात मेपल ग्रोव्हला जावं लागतं. तिथे दोन गोष्टी बघा. सुरुवातीच्या साठ फुटांचा वेळ कमी झाला पाहिजे, स्टॉलचा बराचसा फायदा तिथेच दिसतो. आणि शेवटच्या रेषेवरची घसरण. समजा ११० मैलांनी रेषा ओलांडली, तिसरा गिअर १.००, तर आपल्या सूत्राने ११० गुणिले ३.२३ गुणिले ३३६ भागिले २५.७, बिनघसरणीचे ४६४५. लॉगमध्ये ४९०० दिसले तर घसरण पाच टक्क्यांच्या आसपास, छान आहे, काही करू नका. ५३०० दिसले तर बारा टक्के, म्हणजे कन्व्हर्टर तुमच्या इंजिनला सैल पडतोय आणि ताकद तेलात चाललीये. शेवटचा वेग आधीपेक्षा एखादा मैल कमी झाला आणि एकूण वेळ सुधारला तर घाबरू नका, ते चालतं, पण तीन-चार मैल पडले तर तक्रार खरी आहे.

अशा वेळी बिल्डरला भावना सांगू नका, लॉग पाठवा, टाईम स्लिप (स्ट्रिपवर मिळणारी वेळेची चिठ्ठी) पाठवा, टायरचा मोजलेला व्यास आणि त्या दिवशीचं हवामान पाठवा. फ्लॅश किती, शिफ्टनंतर कितीला पडलं, रेषेवर घसरण किती. एवढं दिलं की तो स्टेटर बदलून शे-दोनशे आरपीएम वर-खाली करून देऊ शकतो, बरेच जण पहिल्या वेळी कमी पैशांत करतात. कन्व्हर्टर आला त्याचा लाकडी किंवा जाड पुठ्ठ्याचा डबा आणि हबवरचं प्लास्टिकचं झाकण जपून ठेवा, परत पाठवायची वेळ आली तर त्यातूनच पाठवायचा असतो, आणि पाठवायच्या आधी आतलं तेल पूर्ण निथळू द्या, नाहीतर कुरिअरवाला घेत नाही.